शाळेची निवड आणि निवडीचा अधिकार : महाराष्ट्रातील खाजगी प्राथमिक शिक्षणाचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आपल्या तीन-चार वर्षांच्या अपत्याला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न आज शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबात जवळजवळ लग्नकार्याइतक्याच गांभीर्याने चर्चिला जातो. शाळेचे माध्यम, अंतर, शुल्क, निकाल, इमारत आणि तेथे येणारी मुले कोणत्या थरातील आहेत, या साऱ्यांचा हिशोब मांडला जातो. हा प्रश्न इंग्रजी माध्यमाच्या शाळांबरोबर अलीकडे निर्माण झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून महाराष्ट्रातील पालकांना या प्रश्नाला तोंड द्यावे लागले आहे. बदलत गेले ते निवडीचे निकष, आणि निवड करण्याचा अधिकार प्रत्यक्षात कोणाच्या हाती होता ही गोष्ट. प्रस्तुत लेखात या दोन अंगांनी खाजगी प्राथमिक शाळांचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे. पालक शाळा निवडतो असे आपण म्हणतो. परंतु शाळाही मूल निवडत असते, आणि बहुतेक कालखंडांत ही दुसरी निवडच अधिक निर्णायक ठरली आहे, असे या आढाव्यातून दिसून येते.

पंतोजींची शाळा

पेशवाईच्या अखेरीस व कंपनी सरकारच्या आरंभी गावोगाव चालणाऱ्या पंतोजींच्या शाळा या काटेकोर अर्थाने खाजगीच होत्या. त्यांना सरकारी अनुदान नव्हते, ठरलेला अभ्यासक्रम नव्हता, तपासणीही नव्हती. पंतोजी एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, देवळात किंवा स्वतःच्या घरी मुले जमवीत. धूळपाटीवर मुळाक्षरे, मग मोडी लेखन, अंक, पावकी-निमकी व तोंडी हिशोब असा शिक्षणाचा क्रम असे. मोबदला कधी रोख, कधी धान्याच्या रूपाने, तर कधी सणावारी मिळे. व्यापार, कुळकर्ण आणि कारकुनी यांना लागेल एवढे शिक्षण देणे हे या शाळांचे प्रयोजन होते, आणि ते प्रयोजन त्या बऱ्यापैकी पार पाडीत. मात्र ज्यांना या व्यवसायांत प्रवेशच नव्हता, त्या जातींच्या मुलांना पंतोजींच्या शाळेत स्थान नव्हते. मुलींचाही विचार तेथे सहसा होत नसे. पैसे मोजण्याची तयारी असली तरी शाळा मिळेलच असे नव्हे, हे या व्यवस्थेचे मूलभूत लक्षण होते.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दीत १८२२ नंतर मुंबईत देशी भाषांतील पाठ्यपुस्तके छापण्याचे व शिक्षक तयार करण्याचे कार्य सुरू झाले. १८२६ पासून नव्या पद्धतीचे शिक्षक जिल्ह्यांच्या ठिकाणी पाठविण्यात आले आणि पालकांपुढे प्रथमच दोन प्रकारच्या शाळा उभ्या राहिल्या : एक ओळखीच्या पंतोजींची, दुसरी छापील पुस्तकांची.

मिशनची शाळा आणि पालकांची द्विधा

याच सुमारास तिसरा पर्याय मिशनऱ्यांनी उपलब्ध करून दिला. अमेरिकन मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि स्कॉटिश मिशनच्या शाळांचा विस्तार झाला. मिशनच्या शाळेत इंग्रजी चांगले शिकवले जाई आणि इंग्रजी शिकलेल्या मुलास नोकरी मिळे. दुसऱ्या बाजूला धर्मांतराचे भय होते, आणि ते केवळ काल्पनिक नव्हते. १८३९ साली विल्सन यांच्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्या शाळेतून पारशी मुले मोठ्या संख्येने निघून गेली. १८४३ साली नारायण शेषाद्री यांच्या धर्मांतरानंतर त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याचे प्रकरण न्यायालयात गेले. त्याला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले, आणि त्याला पुन्हा जातीत घेण्याचा पुरस्कार बाळशास्त्री जांभेकरांनी केला. शाळेची निवड ही घरापुरती बाब राहिली नसून तिच्यावर संपूर्ण जातसमूह मत देऊ लागला होता, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

या द्विधेचे सर्वात बोलके उदाहरण महात्मा फुले यांचे आहे. जोतीराव १८३४ ते १८३८ या काळात पंतोजींच्या शाळेत शिकले. पुढे जातिबांधवांच्या दबावामुळे व एका ब्राह्मण कारकुनाच्या सल्ल्याने गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढले आणि बागकामाला लावले. शेजारी राहणारे गफ्फार बेग मुनशी व लिजिट साहेब यांनी गोविंदरावांचे मन वळविल्यावर १८४१ मध्ये जोतीरावांना पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत घालण्यात आले. एका पित्याच्या या दोन निर्णयांवर पुढील सामाजिक इतिहास किती अवलंबून होता, हे निराळे सांगावयास नको. पण गोविंदरावांना दुसऱ्या निर्णयाची संधी मिळाली ती त्यांच्या मुलाला घेणारी शाळा पुण्यात होती म्हणून, हेही लक्षात घ्यावयास हवे. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढून जोतीराव व सावित्रीबाईंनी जे केले, त्याचा अर्थ याच संदर्भात लावता येतो. ज्या पालकांसमोर निवड करण्याजोगे काहीच नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी शाळा निर्माण केली.

सरकारी दार आणि खाजगी प्रयत्न

१८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. सरकारी मदत घेणारी शाळा सर्वांना खुली असावी, असे कागदोपत्री गृहीत होते. प्रत्यक्षात १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने मागितलेला प्रवेश मुंबई सरकारने नाकारला. एका मुलासाठी इतर जातींची मुले शाळा सोडतील, हा त्यामागील युक्तिवाद होता. सरकारी खर्चाच्या शाळा भेदभावाविना सर्वांना खुल्या असाव्यात, असे कंपनीच्या संचालकांनी १८५८ मध्ये कळविले. परंतु व्यवहारात बदल अत्यंत मंद गतीने झाला. या युक्तिवादाचे रूप येथे नीट पाहिले पाहिजे. ‘इतर पालक आपली मुले काढून घेतील’ हे कारण पुढील दीड शतकात वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकू येते.

१८८२ च्या हंटर आयोगापुढे फुले यांनी सादर केलेल्या निवेदनात सरकारचा भर उच्च शिक्षणावर असल्याबद्दल तक्रार केली आणि निदान १२ वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. सक्ती झाली नाही. आयोगाच्या शिफारशींनुसार प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी म्युनिसिपालट्या व लोकल बोर्डांकडे गेली, तर खाजगी संस्थांची शक्ती मुख्यतः माध्यमिक शिक्षणात एकवटली. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८३ साली नूतन मराठी विद्यालय आणि १८८४ साली मुलींसाठी हुजूरपागेची शाळा निघाली. राष्ट्रीय वृत्तीच्या शिक्षकांनी अल्प वेतनावर चालविलेल्या या संस्थांनी पालकांसमोर एक नवा निकष ठेवला : शाळा स्वकीयांची आहे की परकीयांची?

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यास सक्ती लागू केली होती, तर कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचे ठरविले. ब्रिटिश मुलखात मात्र सार्वजनिक प्राथमिक शाळा कायम निधीच्या चणचणीत राहिली. तिच्या या दुबळेपणातूनच पुढे खाजगी प्राथमिक शाळेला जागा मिळाली.

बालशिक्षणाचे पर्व

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात मुंबई-पुण्यात पगारदार मराठी मध्यमवर्ग स्थिरावला. पार्ल्यात १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय, तर शिवाजी पार्कच्या वस्तीत १९४० साली बालमोहन विद्यामंदिर सुरू झाले. लोकवर्गणी व शिक्षकांचे कष्ट यांवर उभ्या राहिलेल्या अशा मराठी माध्यमाच्या खाजगी शाळांत आपले मूल असावे, ही त्या वस्तीतील पालकांची प्रतिष्ठेची बाब होती. ‘खाजगी’ आणि ‘इंग्रजी’ हे शब्द तेव्हा समानार्थी नव्हते, ही नोंद महत्त्वाची आहे.

याच काळात निवडीच्या निकषांत ‘मूल’ प्रथमच केंद्रस्थानी आले. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. मार नाही, धाक नाही, हाताने करून शिकणे, ही कल्पना मराठी पालकांपर्यंत पोहोचविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना जाते. परंतु माँटेसरीची साधने महाग होती आणि बालमंदिरे शहरी सुशिक्षितांच्या मुलांपुरती राहत होती. ही मर्यादा ओळखून ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी काम करू लागल्या. शंख, शिंपले, बिया, पाने ही तेथील साधने झाली. उत्तम शिक्षणपद्धती खर्चिक असलीच पाहिजे असे नाही, हे त्यांनी सिद्ध केले. तरीही बाजाराने त्यांच्यापेक्षा त्यांच्या आधीच्या महागड्या साधनांचीच परंपरा उचलली.

माध्यमाचा प्रश्न आणि १९५४ चा निर्णय

स्वातंत्र्यानंतर निवडीचा वाद भाषेवर येऊन ठेपला. मुंबई राज्य सरकारने ६ जानेवारी १९५४ रोजी आदेश काढून इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन व आशियाई वंशाबाहेरचे नागरिक यांखेरीज इतरांच्या मुलांना प्रवेश देण्यास मनाई केली. देवळालीच्या बार्न्स स्कूलची चालक संस्था व प्रवेश नाकारले गेलेले पालक उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने आदेश रद्द ठरविला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. अनुदानित शाळेत केवळ भाषेच्या कारणावरून नागरिकास प्रवेश नाकारता येणार नाही, असे घटनेच्या अनुच्छेद २९(२) च्या आधारे ठरले. प्रादेशिक व राष्ट्रभाषेची वृद्धी हा शासनाचा हेतू होता. पण साधन मात्र प्रवेशबंदीचे होते. पुढे २०१४ मध्ये कर्नाटकासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्राथमिक स्तरावरील माध्यम निवडण्याचा पालकांचा अधिकार स्पष्टपणे मान्य केला.

कायद्याच्या दृष्टीने हे निर्णय योग्यच म्हणावे लागतील. तथापि, निवडीचा अधिकार मान्य होणे आणि निवडीची ऐपत असणे यांत अंतर आहे. ते अंतर मिटविण्याचा मार्ग कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचविला होता. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राचेच. परिसरातील सर्व थरांतील मुले एकाच परिसर शाळेत शिकावीत, अशी ती शिफारस होती. ती १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात शब्दरूपाने उतरली, अंमलात आली नाही.

१९८० नंतरचे चित्र

१९८० नंतर विनाअनुदान तत्त्वावरील शाळांचा विस्तार झाला आणि शुल्क हा निवडीचा प्रमुख निकष बनला. देणगीच्या प्रथेला आळा घालण्यासाठी १९८७ मध्ये कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा, तर शुल्कनियमनासाठी २०११ चा कायदा करावा लागला. २००० साली शासनाने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. त्यामागे गळती थोपविण्याचाही हेतू होता. परंतु तोपर्यंत पालकांच्या मनात माध्यम व प्रतिष्ठा यांचे समीकरण पक्के झाले होते. प्रवेशअर्जासाठी पहाटेपासूनच्या रांगा आणि मुलाबरोबर आईवडिलांचीही मुलाखत, या गोष्टी शहरांत नेहमीच्या झाल्या. ज्या आईला इंग्रजी येत नाही, तिच्या मुलाचा प्रवेश त्या मुलाखतीतच संपत असे. पंतोजींच्या ओसरीवर जातीने जे केले, ते येथे भाषा व उत्पन्न करीत होते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने या व्यवस्थेत दोन मूलगामी बदल केले. कलम १३ अन्वये मुलाची अथवा पालकाची चाळणी परीक्षा व देणगी यांना मनाई झाली. कलम १२(१)(ग) अन्वये खाजगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशस्तरावरील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित गटांसाठी राखल्या गेल्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली. अल्पसंख्याक संस्था मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. शाळेच्या निवडाधिकारावर आलेले हे पहिले परिणामकारक बंधन होय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला या जबाबदारीतून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली. ‘जवळ सरकारी शाळा आहे, तेथे जावे’ हा युक्तिवाद वरकरणी सोयीचा वाटतो. परंतु त्यातून निवडीचा अधिकार केवळ शुल्क भरू शकणाऱ्यांपुरताच उरतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निदर्शनास येतात. पहिली, शाळेच्या निवडीचे निकष धर्म, जात, राष्ट्रीयत्व, अध्यापनपद्धती, माध्यम आणि शुल्क या क्रमाने पुढे येत गेले. पण नवा निकष आला म्हणून जुना पूर्णपणे नाहीसा झाला, असे घडले नाही. दुसरी, खाजगी प्राथमिक शाळेचे बळ हे बहुतांशी सार्वजनिक शाळेच्या उपेक्षेतून आले आहे. तिसरी, ज्या ज्या वेळी वंचितांच्या मुलांना खरोखर निवड मिळाली, त्या त्या वेळी कोणीतरी नवी शाळा उघडली होती किंवा कायद्याने जुन्या शाळेचे दार उघडले होते. केवळ पालकांच्या इच्छेने ते घडलेले नाही.

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख अस्थानी होणार नाही. प्राध्यापकवर्ग मातृभाषेतील शिक्षणावर आणि समान शाळेवर चर्चासत्रांतून बोलत आला आहे. स्वतःच्या अपत्याच्या प्रवेशाची वेळ येते तेव्हा मात्र आपल्यापैकी अनेकांनी शुल्काच्या शाळेची वाट धरली आहे. यासाठी व्यक्तिशः कोणास दोष देण्याचे कारण नाही. कोणताही पालक आपल्या मुलावर प्रयोग करू इच्छीत नाही. परंतु ज्यांचा शब्द ऐकला जातो असे पालक एखाद्या शाळेतून निघून जातात, तेव्हा त्या शाळेच्या गळक्या छपराविषयी आणि रिक्त शिक्षकपदांविषयी विचारणारेही निघून जातात. निवडीचा हा परिणाम प्रवेशअर्जावर कोठेही नोंदला जात नाही. शिक्षणाच्या इतिहासाने तो नोंदविला पाहिजे.