करदात्याची गोपनीयता आणि हद्दपारीचा बडगा

अमेरिकेत बेकायदा वास्तव्य करणारे परदेशी नागरिकही प्राप्तिकर भरतात, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. ज्याच्या वास्तव्यालाच कायद्याची मान्यता नाही, तो आपले नाव, पत्ता आणि मिळकत सरकारदरबारी आपण होऊन कशासाठी नोंदवील? याचे उत्तर अमेरिकेच्या करसंहितेतील कलम ६१०३ मध्ये आहे. करदात्याने दिलेली माहिती, कायद्यात नमूद केलेले अपवाद वगळता, कर खात्याबाहेर जाणार नाही, अशी हमी हे कलम देते. एप्रिल २०२५ मध्ये कर खाते आणि स्थलांतरितांना हद्दपार करणारी यंत्रणा यांच्यात झालेल्या करारामुळे या हमीचीच कसोटी लागली.

वॉटरगेटचा धडा

ही गोपनीयता अमेरिकेत पूर्वापार चालत आलेली नाही. १९७६ पूर्वी विवरणपत्रे कोणी पाहावीत, हे मुख्यत्वे अध्यक्षांच्या आदेशांवर अवलंबून असे. रिचर्ड निक्सन यांनी १९७३ मध्ये शेतकऱ्यांची विवरणपत्रे तपासण्याची मुभा कृषी खात्याला दिली होती. त्याआधी १९७२ मध्ये राजकीय विरोधकांची एक यादी व्हाइट हाऊसमधून कर आयुक्त जॉनी वॉल्टर्स यांच्याकडे चौकशीसाठी सोपविण्यात आली. वॉल्टर्स यांनी तिच्यावर कारवाई केली नाही. मात्र कर खात्याच्या गैरवापराचा आरोप निक्सन यांच्याविरुद्धच्या महाभियोगाच्या कलमांत समाविष्ट झाला. या अनुभवाने शहाण्या झालेल्या काँग्रेसने १९७६ च्या कर सुधारणा कायद्याने नियम उलटा केला. माहिती गोपनीय हे सूत्र ठरले आणि ती उघड करणे हा अपवाद. जाणूनबुजून माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. बाधित करदात्याला नुकसानभरपाईचा दावाही लावता येतो.

नऊ आकडी क्रमांक

उत्पन्न वैध मार्गाने मिळाले की अवैध, याच्याशी अमेरिकी प्राप्तिकराला कर्तव्य नसते. चोरट्या दारूच्या धंद्यातील कमाईही विवरणपत्रात दाखविलीच पाहिजे, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये दिला होता. सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळण्यास जे पात्र नाहीत, त्यांनाही कर भरता यावा म्हणून १९९६ मध्ये कर खात्याने स्वतंत्र करदाता ओळख क्रमांक सुरू केला. नऊ आकडी असलेल्या या क्रमांकाचा पहिला आकडा ९ असतो. त्यामुळे नोकरीचा वा वास्तव्याचा अधिकार मात्र मिळत नाही.

हा क्रमांक घेणारे सगळेच बेकायदा स्थलांतरित असतात, असेही नाही. एच-१बी व्हिसावर गेलेल्या मराठी अभियंत्याच्या पत्नीला एच-४ व्हिसावर नोकरीचा परवाना नसेल, तर पतीसोबत संयुक्त विवरणपत्र भरताना तिला हाच क्रमांक घ्यावा लागतो.

बेकायदा स्थलांतरितांनी २०२२ मध्ये केंद्र, राज्य आणि स्थानिक मिळून ९६.७ अब्ज डॉलर कर भरला, असा अंदाज करप्रणालीचा अभ्यास करणाऱ्या आयटीईपी या संस्थेने २०२४ मध्ये मांडला. त्यातील २५.७ अब्ज डॉलर सोशल सिक्युरिटीच्या निधीत गेले. या निधीतून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनास यातील बहुतेक जण पात्र नसतात.

पत्त्यासाठी पत्ता

अर्थमंत्री स्कॉट बेसेंट आणि अंतर्गत सुरक्षामंत्री क्रिस्टी नोएम यांनी ७ एप्रिल २०२५ रोजी माहितीच्या देवाणघेवाणीचा करार केला. त्यानंतर कर खात्याच्या प्रभारी आयुक्त मेलनी क्राउझ यांनी पद सोडले. सरकारचा आधार होता तो कलम ६१०३ मधील एका अपवादाचा. करविषयक नसलेल्या फौजदारी गुन्ह्याच्या तपासासाठी काही मर्यादित माहिती या अपवादान्वये मागता येते. हद्दपारीची कारवाई स्वतः दिवाणी स्वरूपाची असते. परंतु हद्दपारीचा अंतिम आदेश निघाल्यावर ९० दिवसांत हेतुपुरस्सर देश न सोडणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. याच धाग्याने सरकारने आपली मागणी कायद्याच्या चौकटीत बसविली.

या अपवादाला अटी आहेत. मागणी करणाऱ्या खात्याने करदात्याचे नाव व पत्ता स्वतः द्यावा लागतो आणि तपासाचे कारण सांगावे लागते. माहितीही त्या तपासात प्रत्यक्ष गुंतलेल्या अधिकाऱ्यांपुरतीच राहावी लागते. म्हणजे ज्याचा पत्ता हवा, त्याचा पत्ता आधी ठाऊक असला पाहिजे! खरा वाद येथेच आहे. हे कलम एकेका व्यक्तीच्या तपासासाठी असून घाऊक शोधमोहिमेसाठी नाही, असे विरोधक म्हणतात. इमिग्रेशन यंत्रणेने २०२५ च्या उन्हाळ्यात तर सुमारे १२ लाख ८० हजार व्यक्तींचे पत्ते एकदम मागितले. कर खात्याने त्यांपैकी सुमारे ४७ हजार जुळवून दिले.

न्यायालयांत मतभिन्नता

मे २०२५ मध्ये न्यायाधीश डॅबनी फ्रेडरिक यांनी कराराला तात्पुरती मनाई देण्यास नकार दिला. करार कागदावर तरी कायद्याशी विसंगत नाही, असे त्यांचे मत पडले. प्रत्यक्ष पत्ते दिले गेल्यावर दुसऱ्या खटल्यात न्यायाधीश कॉलीन कोलर-कोटेली यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये या देवाणघेवाणीला स्थगिती दिली. योग्य पत्ता न देणाऱ्या मागणीलाही कर खात्याने प्रतिसाद दिला, हा त्यांच्या निकालातील एक प्रमुख मुद्दा होता. फेब्रुवारी २०२६ मध्ये खुद्द कर खात्यानेच काही हजार व्यक्तींची माहिती चुकून दिली गेल्याची कबुली न्यायालयात दिली. त्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने फ्रेडरिक यांचा मनाई नाकारणारा निर्णय मात्र कायम ठेवला. एकाच कलमाचे दोन अर्थ न्यायालयांसमोर आहेत, ते असे.

तिजोरीला फटका

कायदा मोडून राहणाऱ्याला कर खात्याने संरक्षण का द्यावे, हा करारसमर्थकांचा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. मात्र अमेरिकेची करप्रणाली करदात्याने स्वतः सादर केलेल्या विवरणपत्रांवर उभी आहे. भीतीपोटी ही माणसे रोखीच्या व्यवहाराकडे वळली, तर हद्दपारी होवो न होवो, महसूल बुडेल तो बुडेलच. हा तोटा दहा वर्षांत ३१३ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतो, असा अंदाज येल विद्यापीठातील बजेट लॅबने २०२५ मध्ये वर्तविला.

न्यू जर्सी वा कॅलिफोर्नियात रीतसर व्हिसावर राहणारे मराठी कुटुंबही भारतातील ठेवींवरील व्याजासह आपले सारे उत्पन्न याच खात्याला कळविते. त्याचा पत्ताही त्याच दप्तरात असतो. नामसाधर्म्य वा चुकीची जुळणी झाल्यास त्या पत्त्याचे काय होईल, ही चिंता बेकायदा स्थलांतरितांपुरती उरत नाही. १९७६ च्या काँग्रेसने ही हमी निवडक करदात्यांना नव्हे, तर सर्वांना दिली होती. तिचा एक अपवाद सैल झाला, तर तो सर्वांसाठीच सैल होतो.