वेलिंग्टनचं निशाण आणि असईचा साहेब

न्यूझीलंडची राजधानी कोणती, असं विचारलं तर आपल्याकडे दहातले आठ जण ऑकलंड म्हणतात. बिचारं वेलिंग्टन! या शहराच्या मानचिन्हात ढालीच्या एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला मोआ उभा आहे. सिंह अर्थातच इंग्रजांचा, तो या बेटांवर कधीच नव्हता. मोआ इथलाच, माणसापेक्षा उंच, न उडणारा पक्षी. पण गोरा माणूस इथे पोचायच्या कितीतरी आधी तो शिकारीत संपलेला. म्हणजे एक कधी न आलेला आणि एक कायमचा गेलेला, असे दोघे मिळून शहराचा भार वाहतात. खाली लॅटिनमध्ये ब्रीद आहे : 'सुप्रेमा आ सितू', म्हणजे स्थानामुळे सर्वश्रेष्ठ.

शहराचं नाव ज्याच्यावरून पडलं तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन आपल्या चांगल्याच ओळखीचा. आर्थर वेलस्ली! २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढला तोच हा. शिंद्यांच्या तोफांनी त्याची दीडहजारांहून जास्त माणसं मारली किंवा जायबंदी केली. त्याच डिसेंबरात त्याच्या फौजांनी गाविलगडही घेतला. वॉटर्लू पुढे बारा वर्षांनी. न्यूझीलंडशी मात्र ड्यूकचा संबंध एवढाच की वसाहती वसवण्याच्या वेकफिल्डच्या योजनेला त्याने लंडनच्या उमराव सभेत हात दिला होता. दक्षिण ऑस्ट्रेलियात त्याचं नाव राजधानीला द्यायचं राहून गेलं (तिथे राणी ॲडलेड आडवी आली), ते ऋण इथे १८४० च्या अखेरीस फेडलं. जाता जाता, याच शहरात खांडाला नावाचं उपनगर आहे, ते आपल्या खंडाळ्यावरूनच! हिंदुस्थानात नोकरी करून आलेल्या एका कॅप्टनने आपल्या घराला ते नाव दिलं. त्याचा अर्थ 'देवाचं विश्रामस्थान' असा इथे सांगतात. आता काय बोलणार!

पण खरी गंमत झेंड्याची आहे. १८३० मध्ये होकियांगात बांधलेलं एक जहाज सिडनीला पोचलं आणि झेंडा नाही, नोंदणी नाही म्हणून जप्त झालं. जहाजावर दोन माओरी सरदारही होते, त्यांचा हा मोठाच अपमान. मग इंग्रज सरकारचा प्रतिनिधी जेम्स बस्बी याने २० मार्च १८३४ रोजी वाइतांगीला २५ सरदार जमवले, तीन नमुने समोर टांगले आणि चक्क मतदान घेतलं. पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात चार तारे, या नमुन्याला १२ मतं पडली. त्याला तोफांची सलामी मिळाली, पुढे इंग्लंडच्या राजाने मान्यताही दिली.

३० सप्टेंबर १८३९ रोजी न्यूझीलंड कंपनीच्या कर्नल विल्यम वेकफिल्डने हाच झेंडा वेलिंग्टनच्या खाडीकाठी पेटोनीला उभारला. जमीन आम्ही विकत घेतली, असं कंपनीचं म्हणणं. पहिले वसाहतवाले जानेवारी १८४० मध्ये उतरले आणि त्यांनी आपलं मंडळ नेमलं, कायदे केले. फेब्रुवारीत वाइतांगीचा तह झाला. गव्हर्नर हॉब्सनला या मंडळाची बातमी कळली तेव्हा त्याने सरळ राजद्रोह म्हटलं, २१ मे रोजी घाईघाईने सगळ्या देशावर राणीचं सार्वभौमत्व जाहीर केलं आणि विलोबी शॉर्टलंडला तीसेक सैनिक देऊन पाठवलं. जूनच्या सुरुवातीला झेंडा उतरला, युनियन जॅक चढला. गोळी एकही सुटली नाही. ज्या निशाणाला सहा वर्षांपूर्वी सलामी दिली तेच आता बंडखोरांचं ठरलं. आणि ज्या माओरींनी ते निवडलं होतं त्यांना दोन्ही वेळा कुणी विचारलंच नाही. ना कंपनीने ते उभारताना, ना गव्हर्नरने उतरवताना. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर काय झालं ते माहीत असलेल्या माणसाला हे वाचताना जरा लागतंच.

आता ब्रीदाकडे. पहिली राजधानी ऑकलंडजवळ नव्हे तर उत्तरेला बे ऑफ आयलंड्सला होती, १८४१ मध्ये ती ऑकलंडला आली. मग ओटागोत सोनं सापडलं, दक्षिण बेट श्रीमंत झालं आणि 'आम्ही वेगळे होतो' म्हणू लागलं. ऑकलंड लांब, प्रवास समुद्राचा. १८६२ मध्ये तर अधिवेशनाला निघालेले सभासद आणि सरकारी कागद घेऊन जाणारं जहाजच बुडालं. माणसं वाचली, कागद गेले. शेवटी ऑस्ट्रेलियातून तीन त्रयस्थ पंच बोलावले. त्यांनी देशाच्या मध्यावरची, कुक सामुद्रधुनीकाठची ही जागा निवडली आणि १८६५ मध्ये राजधानी इथे आली. स्थानामुळे श्रेष्ठ ते असं.

मात्र हेच स्थान भूकंपाच्या भेगेवर आहे. २३ जानेवारी १८५५ च्या धक्क्याने इथला किनारा मीटरभराहून अधिक वर उचलला गेला! विटांची घरं पडली, लाकडाची टिकली. म्हणून १८७६ मध्ये सरकारी कचेरीची भली मोठी इमारत बांधली ती लाकडाची, पण कोपऱ्यांपासून खिडक्यांपर्यंत सगळं असं कोरलंय की लांबून दगडीच वाटावी. मी जवळ जाऊन बोटाने वाजवून पाहिली, लाकूडच आहे.