वसईच्या घंटा

बेव्हर्ली पार्कमध्ये पाहुणे आले की त्यांना न्यायचे कुठे, असा प्रश्न पडतो. उत्तर भाईंदरच्या खाडीपलीकडे आहे. लोकलने वसई रोडला उतरावे आणि तिथून वसईचा किल्ला गाठावा.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली. पुढे दोनशे वर्षे तटाच्या आत त्यांचे शहर नांदले. सेंट जोसेफचे चर्च आवर्जून पाहावे. छप्पर केव्हाच गेले, मनोरा मात्र उभा आहे. त्या मनोऱ्यात घंटा नाही.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. त्या वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. पण कित्येक घंटा देवळांत अर्पण झाल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरात त्यांतली एक आहे. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. भीमाशंकरलाही अशीच घंटा आहे.

वसईत पाहुण्यांना हे जरूर सांगा. नुसते पडके चर्च पाहून, फोटो काढून माणसे परततात. पुढे कधी नाशिकला गेलात, तर नारोशंकराची घंटाही पाहा. वसईचे दर्शन तिथे पुरे होते.