स्वामित्वहक्काच्या नोंदवहीची कुळकथा

ग्रंथाचा हक्क सरकारदप्तरी नोंदवण्याची रीत हिंदुस्थानात १८४७ च्या विसाव्या कायद्याने सुरू झाली. नोंदवही कलकत्त्याच्या सचिवालयात असे. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातला कुरखेडा तालुका ज्या चांदा मुलखात मोडे, तो तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तिथे हा कायदा लागूच नव्हता.

खरा खजिना तयार झाला तो १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती मुद्रकाने सरकारजमा करायच्या आणि प्रांताने त्यांची यादी दर तीन महिन्यांनी गॅझेटात छापायची, असे ठरले. सरकारचा डोळा छापखान्यांवर होता; पण त्या पाळतीतून जी माहिती साठली, तिला तोड नाही. पुस्तकाचे नाव, भाषा, विषय, लेखक, मुद्रक, पानांची संख्या, आवृत्ती, प्रती किती काढल्या, छपाई खिळ्यांची की शिळाप्रेसची, किंमत, आणि शेवटी हक्कदाराचे नाव व राहण्याचे ठिकाण. दोन रुपये भरले की हीच नोंद १८४७ च्या वहीतली नोंद मानली जाई.

कुरखेड्याकडच्या लेखकाचे जुने पुस्तक शोधणारे बहुधा मुंबईच्या याद्या चाळतात आणि निराश होतात. यादी लेखकाच्या गावावरून होत नसे. पुस्तक ज्या प्रांतात छापले, तिथे ते नोंदले जाई. चांदा जिल्हा आधी मध्य प्रांतात आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. म्हणून नागपुरात छापलेले पुस्तक मध्य प्रांताच्या गॅझेटात पाहावे, पुण्यात छापलेले मुंबई इलाख्याच्या यादीत. गडचिरोली जिल्हा तर १९८२ चा. जुन्या कागदांत ते नाव जिल्हा म्हणून सापडणार नाही. या प्रांतिक याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही जपल्या आहेत. आधी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ पाहिली तर पुष्कळ पायपीट वाचते. तिच्या दोन भागांत १८०० ते १९५० पर्यंतची पुस्तके आहेत.

१९१४ च्या कायद्याने हक्कासाठी नोंदणीची गरज उरली नाही. १९५७ च्या कायद्याने, जो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला, नोंदणी ऐच्छिक स्वरूपात परत आणली आणि दिल्लीत कॉपीराइट कार्यालय स्थापले.

झाडीपट्टीसाठी, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यासाठी, कॉपीराइट कार्यालयाची ही शेवटची वही सर्वांत मोलाची. झाडीपट्टी रंगभूमीचे नट पद्मश्री परशुराम खुणे यांचे गाव गुरनोली कुरखेडा तालुक्यातच आहे. इथल्या रंगभूमीची कितीतरी नाटके हस्तलिखितातच राहिली, त्यामुळे १८६७ च्या याद्यांत ती शोधून मिळणार नाहीत. १९५७ च्या कायद्याखाली मात्र अप्रकाशित संहिताही नोंदवता येते. ही वही कोणालाही पाहता येते, शुल्क भरून तिचा प्रमाणित उतारा मिळतो आणि न्यायालयात तो प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालतो. नोंद नसली तरी लेखकाचा हक्क शाबूत असतो. मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून साठ वर्षे तो वारसांकडे राहतो.