माग आणि वर्दी : महाराष्ट्रातील गावरक्षणाचे उत्तरदायित्व

'पोलीस पाटील' हा शब्द मराठी ग्रामजीवनात इतका रुळला आहे की, त्यातील दोन पदांचा विजोडपणा सहसा ध्यानात येत नाही. पाटील ही गावची जुनी वतनी संस्था. पोलीस हा शब्द कंपनी सरकारच्या अमलाबरोबर आलेला. या दोहोंचा समास कसा घडला, याचा शोध घेऊ लागले असता एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. गावाचे रक्षण करणारा मनुष्य उत्तरदायी कोणास : गावास की सरकारास?

पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी एक विस्तृत अहवाल सिद्ध केला. त्यात वर्णिलेल्या व्यवस्थेत गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर असे. कुलकर्णी व चौगुला त्याचे साहाय्यक, आणि प्रसंगी सारा गाव त्याच्या पाठीशी. प्रत्यक्ष पहारा मात्र जागल्याचा. हे काम कोठे महाराकडे, कोठे रामोशाकडे, कोठे भिल्लाकडे असे. रात्री गस्त घालणे, गावात कोण आले व कोण गेले याची नजर ठेवणे, आणि चोरी झाल्यास चोराच्या पावलांचा माग काढणे ही त्याची कर्तव्ये होत. माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हवाली केला म्हणजे पहिला गाव मोकळा होई व दुसऱ्यावर भार पडे. माग हरवला आणि मालही सापडला नाही, तर जागल्याने आपल्या ऐपतीप्रमाणे नुकसान भरून द्यावे व उरलेले गावाने सोसावे, असा दंडक होता.

या व्यवस्थेचे मर्म सामुदायिक दायित्वात आहे. चोरीची झळ केवळ फिर्यादीस न लागता गावास लागत असल्यामुळे चोर शोधण्यात प्रत्येक घराचा स्वार्थ गुंतलेला असे. माग काढणे, मागावर असणे हे प्रयोग आज आलंकारिक वाटले, तरी त्यांच्या मुळाशी धुळीत उमटलेली खरी पावले आहेत. 'चोराची पावले चोरास ठाऊक' ही म्हणही याच अनुभवातून निपजली असावी. कारण पहारेकरी आणि दरोडेखोर हे पुष्कळदा एकाच जमातीतले असत.

तथापि या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. अनेक ठिकाणी रामोशास मिळणारे हक्क हे राखणदारीचे वेतन जितके, तितकेच त्याने स्वतः उपद्रव देऊ नये म्हणून दिलेले मोल होते. जागल्याचे काम जन्माने वाट्यास येई. त्यातून सुटका नसे. शिवाय हे दायित्व गावापुरते होते. शहरात निराळा प्रकार दिसतो. पुण्याचा कोतवाल घाशीराम हा १७७७ पासून पदावर होता. तो नाना फडणीसांस उत्तरदायी होता. पेठांतील रहिवाशांस नव्हे. १७९१ मध्ये त्याच्या कैदेत कोंडलेले काही तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा खवळलेल्या जमावाने अखेर त्याला दगडांनी ठेचून मारले. गाऱ्हाण्यास सनदशीर वाट नसली की लोकांचा न्याय कोणत्या थरास जातो, याचे हे उदाहरण होय.

कंपनी सरकारने पाटील व जागल्या यांना दूर केले नाही. त्यांची तोंडे फिरविली. १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या कायदेसंहितेने पोलिसांचा कारभार मॅजिस्ट्रेटच्या हाती दिला आणि तो अधिकार वसुली करणाऱ्या कलेक्टराकडेच राहिला. याच सुमारास पुरंदर परिसरातील रामोशांचे बंड पेटले. त्यांच्या राखणदारीच्या हक्कांचा प्रश्न दुसऱ्या बाजीरावाच्या काळापासून चिघळत आला होता. त्यांचा नायक उमाजी याला सरकारने मध्यंतरी माफी देऊन चाकरीतही घेतले. परंतु तो पुन्हा उठला, पकडला गेला आणि १८३२ मध्ये पुण्यात फाशी गेला. बंड मोडण्याच्या कामी असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने १८३३ मध्ये रामोशी जमातीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यांनी गावावर पाळत ठेवावी, तेच आता पाळतीचा विषय झाले.

पुढील पालट सिंधमार्गे आला. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर आयर्लंडच्या सशस्त्र पोलीसदलाच्या धर्तीवर तेथे स्वतंत्र पोलीस खाते उभारले. लंडनचा १८२९ चा पोलीस नागरिकांच्या संमतीवर भिस्त ठेवणारा मानला जाई. आयर्लंडचा पोलीस जिंकलेला मुलूख ताब्यात ठेवण्यासाठी होता. मुंबई सरकारने नेपियरचा नमुना उचलून १८५३ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतून पोलीस सुपरिंटेंडेंट नेमले. १८६७ मध्ये एकाच वर्षी दोन कायदे झाले : एक जिल्हा पोलिसांसाठी, दुसरा गाव पोलिसांसाठी. दुसऱ्याने पोलीस पाटलास जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या हाताखाली घातले; गावातील गुन्ह्यांची व शांततेची माहिती वर कळविणे हे त्याचे प्रमुख कर्तव्य ठरले. येथेच मुलकी पाटील व पोलीस पाटील हा भेद पक्का झाला. माग एका शिवेवरून दुसऱ्या शिवेकडे आडवा जाई. वर्दी मात्र चावडीवरून ठाण्याकडे उभी चढते. गावरक्षणाचा दिशाबदल या दोन शब्दांत सामावला आहे.

त्याची सर्वांत कठोर परिणती गुन्हेगार जमातींच्या कायद्यात दिसते. १८७१ चा हा कायदा प्रथम उत्तरेकडे लागू झाला. १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. रामोशी, बेरड, कैकाडी आदी जमाती त्याच्या कक्षेत सापडल्या. हजेरी, परवाना आणि तारेच्या कुंपणातील वसाहत हे त्यांच्या जीवनाचे नवे शब्द झाले. सोलापुरात 'सेटलमेंट' हे वस्तीचे नाव म्हणूनच रूढ झाले. विशेष हे की, १९०२-०३ च्या फ्रेझर पोलीस आयोगाने पोलिसांच्या लाचखोरीवर व जुलमावर ताशेरे ओढले, आणि गावचा पहारेकरी हा गावाचाच सेवक राहावा, ठाण्याचा हस्तक होऊ नये, असे मत दिले. ते फारसे अमलात आले नाही.

म्हणून जुनी गावव्यवस्था जशीच्या तशी परत आणणे हाही मार्ग नव्हता. वतनी चाकरीतील गुलामगिरीवर डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणून बोट ठेवले होते. गुन्हेगार जमातींचा कायदा मुंबई राज्यात १९४९ मध्ये आणि देशभर १९५२ मध्ये रद्द झाला. कनिष्ठ गाव वतने १९५८ च्या कायद्याने गेली. पाटीलकीचा वंशपरंपरागत हक्क १९६२ मध्ये संपला. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे नेमणुकीचे पद झाले आणि कालांतराने स्त्रियाही त्यावर आल्या.

वारसा गेला, ही निःसंशय प्रगती होय. परंतु पोलीस पाटलाची नेमणूक वरून होते आणि त्याची वर्दी वर जाते, ही १८६७ ची दिशा कायम आहे. जन्माचे बंधन तोडूनही गावाशी उत्तरदायी राहील असा रक्षक कोणत्या रचनेतून घडेल, याचे उत्तर ना जागल्याच्या परंपरेत सापडते, ना नेपियरच्या नमुन्यात. ग्रामरक्षणाच्या इतिहासाने अभ्यासकांपुढे ठेवलेला खरा प्रश्न तोच आहे.