लोदी बागेतले घुमट

दिल्लीला गेलेली आपली मंडळी लाल किल्ला पाहतात, कुतुबमिनार पाहतात आणि परतीची गाडी गाठतात. लोदी बाग राहूनच जाते. शिक्षकबंधूंनी सहल नेली तर अर्धा दिवस तिच्यासाठी राखून ठेवावा. आपल्या पाठ्यपुस्तकांत तुघलक गेले की लगेच मोगल येतात. मधले सय्यद आणि लोदी गेले कुठे? त्यांतले काही इथे विसावले आहेत.

आत शिरल्यावर मुलांना इमारतींच्या बाजू मोजायला सांगा. महंमद शाह सय्यदाची कबर १४४४ सालची. ती अष्टकोनी आहे. भोवती कमानींची ओसरी, वर छत्र्या. तटाच्या आत असलेली सिकंदर लोदीची कबर १५१७-१८ ची, तीही अष्टकोनी. मधले बडा गुंबद आणि शीश गुंबद मात्र चौकोनी. सुलतानाला अष्टकोन, सरदाराला चौकोन, असा त्या काळचा रिवाज साधारणपणे दिसतो. हे चौकोनी घुमट बाहेरून दोन-तीन मजली वाटतात. आत जाऊन पाहावे तर एकच उंच दालन! शीश गुंबदावर निळ्या झिलईच्या फरशा अजून थोड्या टिकून आहेत. आत कबरी आहेत, पण त्या कोणाच्या हे नक्की ठरलेले नाही. बडा गुंबदात तर कबरच नाही. त्याला लागून असलेली मशीद १४९४ ची. तिच्या भिंतींवर चुन्यात कोरलेली अक्षरे आणि वेलबुट्टी पाहायला घाई करू नये. संगमरवराचा थाट नाही, पण कारागिराचा हात कळतो.

सिकंदराची कबर बांधली त्याचा मुलगा इब्राहिम याने. तो स्वतः १५२६ साली बाबराशी लढताना पानिपतावर पडला. पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ आठवते. हे त्याच गावचे आधीचे रण. इब्राहिमाची कबर तिथेच आहे, साध्या चौथऱ्यावर. बापासाठी घुमट बांधणाऱ्याला स्वतःला घुमट लाभला नाही.

आता एक गोष्ट खास आपल्या खेड्यांतल्या श्रोत्यांसाठी. ही हिरवळ मुळात नव्हती. या घुमटांभोवती खैरपूर नावाचे गाव नांदत होते. इंग्रज सरकारने ते उठवले, झाडे लावली, आणि ९ एप्रिल १९३६ रोजी लेडी विलिंग्डन पार्क या नावाने बाग खुली केली. लोदी बाग हे नाव स्वातंत्र्यानंतरचे. १९६८ साली तिची पुन्हा आखणी झाली. गाव हलले म्हणून इमारती मोकळ्या झाल्या, हे खरे. पण धरणापायी ज्यांनी घरदार सोडले, त्यांना या वाक्याची दुसरी बाजू मी सांगायला नको.

निघण्यापूर्वी अकबराच्या अमदानीतला दगडी पूल, आठपुला, पाहून घ्या. मुले कमानी मोजतील, सात भरतील, आणि मग आठ कसे म्हणून विचारतील. त्यांना खांब मोजायला सांगा.