पाण्याची वाट

मराठवाड्यातला मास्तर मुंबईच्या पुराविषयी काय लिहिणार, असे वाचकांपैकी कुणी म्हणेल. कयाधूकाठच्या आम्हां हिंगोलीकरांना समुद्र ठाऊक तो बहुधा नकाशातलाच. परंतु आमच्याकडची मुले पोटासाठी मुंबई गाठतात आणि भाडे कमी तिथे, म्हणजे बऱ्याचदा सखल वस्तीत, बिऱ्हाड करतात. मग तिकडे पाणी भरले की इकडे आईच्या घशाखाली घास उतरत नाही.

मुंबई मूळची सात बेटांची. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे व मधला सखल भाग दलदल होऊन जाई. उमरखाडी, पायधुणी ही नावे त्या पाण्याचीच आठवण सांगतात. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास, तिथे बांध पडला. आख्यायिका अशी, की बांध पुनःपुन्हा ढासळू लागला, तेव्हा रामजी शिवजी या प्रभू गृहस्थाला देवीने दृष्टांत दिला. खाडीतून मूर्ती वर काढल्या, देऊळ उभे राहिले, आणि मगच बांध टिकला. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातले मर्म मला पटते. पाण्यातल्या देवतेला आधी जागा द्यावी, मग भिंत उभारावी.

पुढच्या पिढ्या हे मर्म विसरल्या. खाड्या बुजल्या, तिवरे तुटली, मिठी नदीचे गटार झाले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला; आमच्याकडे सबंध वर्षात पडतो साधारण तेवढा! त्यातच भरती आली, म्हणजे नाल्यांची तोंडे समुद्रानेच दाबून धरली. शेकडो माणसे गेली. जुनी गटारे तासाला जेमतेम २५ मिलिमीटर पावसापुरती. ती क्षमता दुप्पट करावी असे १९९३ च्या अहवालात सांगितले होते, पण काम फारसे सरकले नव्हते.

त्या आघातानंतर हाजी अली, इर्ला येथे पाणी उपसणारी केंद्रे झाली, हिंदमाताच्या पाण्यासाठी जमिनीखाली टाक्या बांधल्या, २०२२ साली हवामान कृती आराखडाही आला. हे सारे हवेच. तरी पंप म्हणजे दमेकऱ्याचे औषध. त्याची मोकळी हवा म्हणजे खाडी, तिवर आणि रिकामे मैदान.

श्रीमंताचा मजला उंच असतो. पाणी आधी शिरते ते तळच्या खोलीत. शहर किती शहाणे झाले, हे त्या खोलीतली चूल भर पावसाळ्यात पेटते की नाही, यावरून ओळखावे.